ऐकायची वायर, बोलायची वायर

शालूबाई माझ्या दुकानात वायर घ्यायला आल्या की आधी अंबाड्यातली पिन काढायच्या. मग वायरीचा वीतभर तुकडा मागून घ्यायच्या, वरचं काळं प्लास्टिक सोलायच्या आणि आतली तांब्याची जाळी पिनेने उसवून बघायच्या. मागे गिर्‍हाइकं खोळंबलेली असायची.

"विलास, ही वीण बघ. मधेमधे टाके गाळलेत. सहावीतल्या मुलीने असं आणलं असतं तर मी सगळं उसवायला लावलं असतं."

बाईंनी तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण आणि विणकाम शिकवलं होतं. माझी थोरली बहीण त्यांच्या हाताखाली शिकलेली. बटण लावताना ती अजून मागे वळून बघते. माझं रत्नागिरीत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. नव्याण्णव साल असेल. घरोघर केबल टीव्ही येत होता, त्यामुळे वायरीची रिळं माझ्याकडे ढिगाने. त्यातलं एकही रीळ बाईंच्या परीक्षेत पास झालं नाही.

वायर हवी होती त्यांच्या थोरल्या भावासाठी. नाना तारखात्यातून निवृत्त झालेले. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. नानांना बिनतारी संचाचा नाद होता, रीतसर परवाना होता. अंगणातल्या दोन माडांना तार ताणलेली आणि माडीवर संच. संध्याकाळी नाना वर बसून बटण टकटक दाबत आणि कुठल्याकुठल्या माणसांशी तारेच्या भाषेत गप्पा मारत. बाईंना त्यातलं एक अक्षर कळत नसे.

"घरात माणसं दोन," बाई म्हणायच्या, "आणि त्यातलं एक बोलतं ते हुबळीशी."

मग नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजत सगळं होतं. जिना चढणं संपलं, म्हणून खाट खाली आली. संच माडीवर तसाच राहिला. बाईंनी ठरवलं की तोही खाली आणायचा. त्यासाठी माडापासून खाटेपर्यंत लांब वायर लागणार होती.

मी टीव्हीची वायर पुढे केली.

"ही आरजी एकोणसाठ. पंचाहत्तर ओहमची," त्या म्हणाल्या. "नानाला अठ्ठावन्न लागते, पन्नासची. त्याच्या खोक्यावर लिहिलंय."

दोन्ही वायरी दिसायला सख्खी भावंडं. मी म्हटलं, "बाई, काय फरक पडतो?"

"काजाला आणि बटणाला विचार."

मुंबईहून दोन नमुने मागवले. एक अठ्ठावन्न, पेन्सिलीपेक्षा जराशी बारीक. दुसरी एकशे चौर्‍याहत्तर, सुतळीएवढी. बाईंनी दोन्ही सोलल्या. सुतळीसारखीची वीण त्यांना आवडली. ती खिडकीच्या फटीतून सहज गेली असती, भिंतीवर दिसलीही नसती.

"हीच घ्या," मी म्हटलं. "फक्त ऐकायला भरपूर झाली."

"आणि बोलायला?"

"बोलायला जोर जास्त लागतो. त्याला अठ्ठावन्न बरी. पण नाना आता..."

बाईंनी पिन परत अंबाड्यात खोचली. "डॉक्टर तेच म्हणतात, ऐकू दे नुसतं. आता तूही म्हण." मग म्हणाल्या, "अठ्ठावन्न दे. खिडकीला भोक पाडून घेईन मी."

मी स्वतः जाऊन वायर ओढून दिली. संच खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला आणि ठोकायचं बटण नानांच्या डाव्या हाताशी. नानांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आठवडाभर तसंच. बाई रोज बटण पुसून ठेवायच्या आणि संच लावून द्यायच्या. नानांनी हात पांघरुणाबाहेर काढला नाही.

पुढच्या रविवारी मी जोड घट्ट करायला गेलो होतो. बाई खुर्चीवर उभ्या राहून खिडकीवर वायरीची क्लिप ठोकत होत्या. संचातून टकटक येऊ लागली. देवरूखचे पाटणकर नानांना हाक मारत होते. तेही तारखात्यातलेच, जुने मित्र. मी सहज मागे पाहिलं. नानांचा डावा हात बटणावर होता. बोटं अडखळत होती, पण थांबत नव्हती.

बाई हातोडी धरून तशाच उभ्या राहिल्या. "काय म्हणतोय रे?"

"मला कुठे कळतंय, बाई."

त्यानंतर नाना रोज बोलू लागले. बाई दुकानात यायच्या, उगाच एखादी वायर सोलायच्या. "काल पाऊण तास बोलला," असं सांगायच्या. मग पिनेकडे बघत, "पाटणकरांशी. मी समोर बसलेली असते."

"शिकून घ्या ती भाषा," मी एकदा सुचवलं.

"या वयात? आणि त्याने स्वतःहून कधी म्हटलं का, शिक म्हणून?"

आठ महिन्यांनी नाना गेले.

दिवस झाल्यावर पाटणकर देवरूखहून भेटायला आले. संच उतरवायला म्हणून बाईंनी मलाही बोलावलं होतं. चहा झाला. मग बाईंनीच विचारलं, "त्या पहिल्या दिवशी काय म्हणाला तो तुम्हाला? क्लिप ठोकत होते मी."

पाटणकरांना आठवायला वेळ लागला नाही. "म्हणाला, थांब. शालू खुर्चीवर चढली आहे. खाली उतरेपर्यंत थांब."

बाईंनी खिडकीवरच्या क्लिपकडे पाहिलं.

"तुमच्याबद्दलच असायचं बरंचसं," पाटणकर म्हणाले. "शालूला खोकला आहे, औषध घेत नाही. शालू आज केस न विंचरता बसली आहे. मी हवापाणी विचारायचो, तो तुमचं सांगायचा. एक तक्रार मात्र रोज. म्हणे, शालू हल्ली पेजेत मीठ घालायला विसरते, वय झालं तिचं, तिला कसं सांगू."

बाईंनी पदराने चष्मा पुसला. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती, नुसत्या फळ्या दिसत होत्या. त्या फळ्यांकडे बघत बाई म्हणाल्या, "विसरत नव्हते रे. डॉक्टरांनी बंद केलं होतं."