कवळी कुठल्या खोक्यात?

घर बदलायचं ठरलं तेव्हा सामान बांधायचं काम मी हौसेने मागून घेतलं. (बायको 'नको' म्हणाली होती, हे तिच्या आग्रहावरून नमूद करतो.) मी पडलो कंप्युटरवाला. आमच्याकडे नवा प्रोग्राम टाकायचा झाला की पॅकेज मॅनेजर त्याला आधी काय काय लागतं ते पाहतो, ते कुठल्या गठ्ठ्यात आहे ते शोधतो आणि सगळं ओळीने बसवून देतो. यंत्राला जमतं ते मला का जमू नये?

मी प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी डकवली. वर नाव, खाली 'आधी काय उघडावे'. आतली कुठली वस्तू कुठल्या कप्प्यातून आली, हे सगळं पुराण मात्र कंप्युटरमध्ये ठेवलं. उगाच चिठ्ठ्या जड कशाला करा?

नव्या घरात सामान उतरलं आणि सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्याच संध्याकाळी त्यांच्या जुन्या शाळेत त्यांचं भाषण होतं, आणि त्या बोलावण्याची त्यांनी कित्येक वर्षं वाट पाहिली होती.

"कअळी कुथाय?"

"कळी? कुंड्या अजून टेम्पोत आहेत, आई."

"कअळी. भाशन आहे माझं."

"कवळी म्हणतेय ती," बायको म्हणाली. "बाथरूमच्या आरशामागच्या कप्प्यात होती. कुठल्या खोक्यात टाकलीस?"

"तू कप्पा सांगतेयस. कप्प्यावरून खोकं शोधायला पूर्ण यादी लागते. ती कंप्युटरमध्ये आहे."

"मग काढ कंप्युटर."

कंप्युटरच्या खोक्यावर लिहिलं होतं, 'आधी सुरी उघडावी.' (चिकटपट्टी कापायला नको?) सुरीच्या खोक्यावर होतं, 'आधी कात्री उघडावी.' कात्रीच्या खोक्यावर, 'आधी सुरी उघडावी.'

"आता?" बायकोने विचारलं.

"अशा वेळी यंत्र नम्रपणे नकार देतं."

सासूबाईंचे डोळे भरून आले. मला खरंच लाज वाटली. मी चिठ्ठ्या पुन्हा वाचायला घेतल्या. बायकोने काही वाचलं नाही. तिने दाराची किल्ली घेतली आणि एकेका खोक्याची चिकटपट्टी टराटरा फाडत सुटली. अंथरुणं निघाली, चपला निघाल्या, माझ्या शर्टांच्या घड्या पार विस्कटल्या. शेवटी मिक्सर आणि किसणीच्या मध्ये कवळी सापडली.

"ही इथे कशी?"

मी चिठ्ठीकडे बोट दाखवलं. 'बारीक करण्याची साधने.'

सासूबाईंनी कवळी धुतली, बसवली, जबडा दोनदा हलवून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "जावईबापू, तुमच्या त्या पद्धतीत नको असलेलं सामान ओळखतात कसं?"

(घरात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या कामात रस घेत होतं.) मी खुलून म्हणालो, "सोपं आहे, आई. ज्याच्यावाचून कुणाचंच काही अडत नाही, ते काढून टाकायचं."

"अस्सं," सासूबाई अगदी स्पष्ट उच्चारात म्हणाल्या. "मग तुम्ही या घरापर्यंत पोचलात कसे?"