कलम दोन आणि गुनवोरचा मेंदू

स्वीडनमधल्या बूर्लेंगे येथील 'ध्रुवतारा' खेळ मंडळाची तातडीची सभा रविवारी सकाळी वाचनालयाच्या तळघरात भरली. मुद्दा एकच होता: माणसाचा यंत्रमानव झाल्यावर त्याने यंत्रमानवाचे कायदे पाळायचे की नाही.

घडलं ते असं. मंडळाच्या ऑनलाइन खेळातल्या अंतराळयानावर गुनवोर तीन वर्षं डॉक्टर होती. एका स्फोटात ती मेली आणि रीतसर तिचा मेंदू काढून यंत्रात बसवण्यात आला. कलम दोनप्रमाणे यंत्राने कॅप्टनचा हुकूम मोडायचा नाही. कॅप्टन स्तूरेने हुकूम सोडला, हवाकोठडीचं, म्हणजे यानातून बाहेर पडायच्या बंद खोलीचं, दार उघडायचं नाही. आत मेकॅनिक पिर्यो गुदमरत होती. गुनवोरने दार उघडलं. स्तूरेने तक्रार ठोकली. दोषी ठरली तर तिचं पात्र कायमचं पुसलं जाणार होतं, आणि त्या धास्तीने बिचारीचं आठवडाभर जेवणावरून मन उडालं होतं.

तक्रारदार स्तूरेच मंडळाचा अध्यक्ष. निःपक्षपातीपणासाठी त्याने पद सोडलं, हंगामी अध्यक्ष म्हणून स्वतःचंच नाव सुचवलं, आणि ते एकमताने मंजूर झालं. इतिवृत्त तपासायला दोघे निवडले, कॉफी आणि दालचिनीचे पाव फिरले, मग चर्चेला तोंड फुटलं. मेंदू हा सदस्य की सुटा भाग, यावर तास गेला. आज्ञा पाळताना यंत्रमानवाला तासाला एक उसासा टाकायची मुभा द्यावी, अशी तडजोड कुणीतरी सुचवली. उसाशाची लांबी ठरेना म्हणून ती उपसमितीकडे गेली.

शेवटी गुनवोर उठली. "पत्र्याचं अंग दिलंत म्हणून मनाचा पत्रा होत नाही," ती म्हणाली. "समोर माणूस गुदमरतोय आणि मी कलम वाचत बसू? मग आतला मेंदू ठेवलात तरी कशाला?"

पिर्योच्या डोळ्यांत पाणी आलं. स्तूरेनेही नाक शिंकरलं. माणुसकी कलमापेक्षा मोठी, असा ठराव झाला आणि इतिवृत्तात अधोरेखित झाला.

सोमवारी आठच्या ठोक्याला गुनवोर नगरपालिकेत आपल्या खुर्चीत बसली. म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालायला, जेवू घालायला घरी मदतनीस किती वेळा पाठवायचा, हे ती ठरवते. पहिलाच फोन पिर्योचा. आईचं पोट बिघडलंय, मला एकटीला ती उचलवत नाही, आठवड्याला एक अंघोळ मंजूर आहे तिथे या आठवड्यात दुसरी दे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"नियमात एकच बसते गं," गुनवोर म्हणाली. "कॉम्प्युटर दुसरी घेतच नाही."

"अगं, माझ्यासाठी दार उघडलंस ना तू?"

"पिर्यो, तो खेळ होता."

गुनवोरने एक उसासा टाकला, नियमात बसेल एवढाच, फोन ठेवला आणि रांगेतला पुढचा नंबर पुकारला. तो तुमचा आहे. आणि तुम्ही रांगेत नसाल, तर खुर्चीत तरी असालच.