नाही म्हणायला शिकवणारे प्रोफेसर

सुवा या बेटावरल्या शहराच्या विद्यापीठात प्रोफेसर एरोनी तुइलोमांना सगळे 'नाहीवाले सर' म्हणत. इंजिनिअरिंग शिकवता शिकवता त्यांनी एक ध्यास घेतला होता: पोरांनी यंत्रं नुसती बनवायची नाहीत, बाजारात आणायची, कंपन्या काढायच्या! त्यासाठी पहिला धडा एकच.

"आपल्या लोकांचा धंदा कशानं बुडतो? केरेकेरेनं! आपल्या माणसानं 'केरेकेरे' म्हणून मागितलं की द्यायचंच. चुलत्यानं मागितलं, दिलं. मावशीनं मागितलं, दिलं. दुकान रिकामं! नाही म्हणायला शिका!"

या वर्षी सरांची सारी आशा आकानिसीवर होती. या विद्यार्थिनीनं उन्हावर चालणारं नारळ खवायचं यंत्र बनवलं होतं. एकच नग, पण काय नग! ते पाहायला सिडनीहून फिलिपा नावाची गुंतवणूकदार बाई येणार होती. तिला पटलं तर आकानिसीची कंपनी उभी राहणार, नाहीतर पोरगी नोकरीसाठी ऑकलंडला जाणार. तिकीटसुद्धा काढून ठेवलेलं.

"यंत्र माझ्या घरी ठेवतो," सर म्हणाले. "माझ्याकडून कोण काय नेतंय!"

बाई यायच्या आदल्याच दिवशी गावाहून सेरुवाया आत्या आली. तिनं यंत्रावरून हात फिरवला.

"एरो, खवून खवून माझे खांदे गेले रे. केरेकेरे, हे मला दे."

सरांनी घसा खाकरला. 'नाही' अगदी जिभेवर आलं! आणि याच आत्यानं लहानपणी आपल्याला पाठीवर घेऊन पुरातून बाहेर काढलं होतं, हे नेमकं तेव्हाच आठवलं. यंत्र टॅक्सीत त्यांनी स्वतः उचलून ठेवलं. वर नारळांची गोणीही दिली.

दुसऱ्या दिवशी फिलिपासमोर आकानिसीनं विचारलं, "सर, यंत्र कुठंय?"

"गावात. लोक वापरतात कसं, ते बाईंना दाखवू," सर म्हणाले आणि गाडीत बसले.

आत्यानं फिलिपाला मिठीच मारली. "ये लेकी, ये! यंत्र ना? ते पाद्र्याच्या बायकोनं मागितलं."

पाद्र्याची बायको म्हणाली, "पलीकडच्या गावात मयत झालीय. त्यांनी मागितलं."

आकानिसीचा चेहरा एवढासा झाला. आत्याला गाडीत घेऊन सगळे पलीकडच्या गावात पोचले. बूट दाराशी काढून, माना खाली घालून चटईवर बसले. मागच्या स्वयंपाकघरातून घर्रर्र आवाज येत होता. बायका एका हातानं डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्यानं यंत्रात नारळ धरत होत्या!

फिलिपाचे डोळे चमकले. "इतकं आवडलंय? विचारा ना, विकत घेतील का?"

आत्याला मयताच्या घरातही हसू आवरेना. "घरचं यंत्र कुणी विकत घेतं का गं? हवं असलं की मागायचं!"

फिलिपा हळूच म्हणाली, "प्रोफेसर, एकच यंत्र सगळ्यांना पुरतंय. दुसरं विकायचं कुणाला?"

सरांचा धीर सुटला. "बाई, आत्यानं तुम्हाला लेक म्हटलंय, म्हणजे आपण नात्यातले झालो. केरेकेरे, या पोरीच्या कंपनीत पैसे घाला!"

"नाही," फिलिपा गोड हसून म्हणाली. आवाज चढला नाही, सबब नाही, काही नाही. इतकं स्वच्छ 'नाही' इतक्या वर्षांत सरांच्या एकाही विद्यार्थ्याला जमलं नव्हतं.

निघताना दाराशी आत्या म्हणाली, "लेकी, बूट काय छान आहेत गं तुझे!"

परतताना फिलिपा पुढच्या सीटवर अनवाणी बसली होती. तिला हॉटेलवर सोडल्यावर मागे आकानिसी खिडकीबाहेर बघत राहिली. सरांना गाडी चालवणं जमेना. त्यांनी ती कडेला घेतली.

"माझ्यामुळे तुझं वाटोळं झालं, पोरी. तरी मागतो. जाऊ नकोस. आपण पुन्हा उभं करू."

"सर, केरेकेरे म्हणताय?"

"हो."

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "आता नाही कसं म्हणू?"

सोमवारी सरांचं 'नाही म्हणायला शिका' हे व्याख्यान होतं. डोकं दुखतंय असं सांगून त्यांनी ते पुढे ढकललं.