बांधावरच्या पेरूची दांडी

साळुबाई लेकीच्या बाळंतपणाला आळेफाट्याला निघाल्या, तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या हातात घराची किल्ली ठेवली आणि राघूच्या पिंजऱ्याकडे बोट केलं.

"मी महिन्यानं यीन. ह्याला काय झालं, तर तिकडंच ऱ्हाईन."

भिमाजींनी एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली होती. अख्खी गाडी सुखरूप पोचवणाऱ्याला एक पोपट काय जड, अशी त्यांची समजूत होती. चौथ्या दिवशी राघू एका पायावर उभा राहिला, पाचव्या दिवशी दुसऱ्यावर. सहाव्या दिवशी भिमाजी पिंजरा सायकलला अडकवून कळंबला गुरांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी जर्सी गाईच्या तोंडातून हात काढला, धुतला आणि राघूचा पाय उलटा करून पाहिला.

"बसायला काय दिलंय?"

"सळई. जुनी दांडी मोडली, म्हणून मीच घातली. चांगली आठ एमएमची. स्लॅबातनं उरलेली."

"तळवे सोलले तिनं. तुम्ही बसाल का दिवसरात्र सळईवर?"

भिमाजींना एसटीतली कंडक्टरची सीट आठवली.

"झाडाची फांदी लावा. सालीसकट, कुठं जाड, कुठं बारीक. पेरूची असली तर उत्तम. कुरतडली तरी चालते."

गावात पेरूची झाडं पुष्कळ होती. भिमाजींनी त्यातलं नेमकं बांधावरचं निवडलं, कारण ते जवळ होतं. या बांधाच्या अलीकडे भिमाजी होते, पलीकडे त्यांचे चुलतभाऊ गेणभाऊ होते आणि झाड कोणाचं, यावर घोडेगावच्या कोर्टात अकरा वर्षं दावा चालू होता. तेवढ्या वर्षांत दोघांपैकी कोणी त्याचा एक पेरू खाल्ला नव्हता. ते काम रानातल्या पोपटांनी, वकील न लावता, उरकलं होतं.

फांदी तुटल्याचा आवाज गेणभाऊंना झोपेतही ऐकू आला असता. इथं तर ते जागे होते.

"भिमा, फांदी तोडली?"

"राघूला बसाया."

"राघूचं नाव सात-बाऱ्यावर हाय का?"

दुपारच्या गाडीनं गेणभाऊ घोडेगावला गेले. वकिलांनी सांगितलं, की एकानं फांदी तोडून वापरली आणि दुसरा बघत राहिला, तर झाड पहिल्याचं ठरतं. तुम्हीही तोडा. वापराही तशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेणभाऊ हातभर फांदी आणि दोन साक्षीदार घेऊन भिमाजींच्या ओट्यावर आले.

"ही माझी फांदी. घाल पिंजऱ्यात."

"तुझ्याकडं पोपट न्हाई, भाऊ."

"म्हणून तर तुझ्याकडं आलो!"

भिमाजींनी एसटीडी बूथवरून आपल्या वकिलांना विचारलं. वकील खूश झाले. "घ्या की! झाड त्यांचं असतं, तर लाकूड तुमच्या घरी पोचवलं असतं का? पण तुम्हीही तोडत राहा. वहिवाट खंडित होता कामा नये."

मग काय! दोन्हीकडची वहिवाट अखंड सुरू झाली. एका दिवशी भिमाजी फांदी आणत, दुसऱ्या दिवशी गेणभाऊ. अकरा वर्षांत त्या घराची पायरी न चढलेले गेणभाऊ आता रोज ओट्यावर बसून देखरेख करू लागले.

"माझी दांडी खाली का लावली?"

"वर जागा न्हाई, भाऊ."

"मंग तुझी काढ."

"कोर्टात सांगू का काढायला?"

राघू कोणाच्या दांडीवर किती वेळ बसतो, याची गेणभाऊंनी वही घातली. राघूचे पाय आठवड्यातच बरे झाले होते. त्याबद्दल नोंद करायला वहीत रकाना नव्हता.

महिना भरला. साळुबाई एसटीतून उतरल्या, तेव्हा त्यांना आधी पेरू दिसला. त्याचं खोड तेवढं शिल्लक होतं.

"कीड पडली का काय झाडाला?"

"दोन पडल्या," थांब्यावरचा पानवाला म्हणाला. "तुमच्या ओट्यावर बसल्यात."

ओट्यावर पिंजरा टांगलेला होता. त्यात एकवीस दांड्या होत्या आणि त्यांच्या फटीतून एक लाल चोच बाहेर आली होती. राघू बसलेला नव्हता, अडकलेला होता. त्याला पंख उघडता येत नव्हते, वळताही येत नव्हतं.

"पाय बगा त्याचे!" भिमाजी अभिमानानं म्हणाले. "एक वरखडा न्हाई."

"पाय दिसू तरी द्या!"

साळुबाईंनी दांड्या उपसायला सुरुवात केली. गेणभाऊ घाईनं पुढे सरकले. "वयनी, दमानं. त्यातल्या धा माझ्या हायेत."

साळुबाईंनी दोन दांड्या आत ठेवल्या आणि बाकीच्या ओट्यावर ओतल्या. राघूनं पंख पसरले, तेव्हा दोघांच्याही तोंडावर महिनाभराचा भुसा उडाला. साळुबाईंनी पिंजरा उचलला.

"अगं, आत्ता तर आलीस! कुठं निघाली?"

"आळेफाट्याला. लेकीच्या बाळासंगं ह्यालाबी सांभाळीन. तुमी दोगं बसा ह्या दांड्यांवर!"

त्या गेल्या. गेणभाऊ वही मिटून म्हणाले, "च्या टाक, भिमा."

"गॅस संपलाय. नंबर लावलाय, पर अजून आला न्हाई."

दोघांनी ओट्यावरच्या ढिगाकडे पाहिलं. शेवटी तीन दगडांची चूल मांडली. फांद्या ओल्या होत्या, पेटेनात. नुसता धूर निघत होता. डोळे पुसत दोघांनी आळीपाळीनं फुंकर मारली. आधी कोणी मारली, हे गेणभाऊंनी वहीत लिहून ठेवलं.