फ्रिजवरचा जिना

"दाढी करताना एक गाल दिसतो, दुसरा अंदाजानं उरकावा लागतो," आमचे हे आरशासमोर पुटपुटत होते. मी शेजारीच कपडे पिळत होते, म्हणजे ते पुटपुटणं माझ्यासाठीच होतं. आरशावर नाक, डोळा, कान, दात अशा चिनी अक्षरांतल्या चिठ्ठ्या होत्या. यांच्या खऱ्या नाकाला जागा उरली नव्हती, हे कबूल.

लेक विद्यापीठात चिनी भाषा आणि संस्कृती शिकते. तिला काय शिकायचंय हे विचारायचं राहून गेलं. पण दुभाष्यांना किती मागणी आहे हे मी वाचलं होतं, आणि मी एकदा वाचलं की घरात ते अमलात येतं. माझं स्वतःचं कॉलेज अर्ध्यात सुटलं. पुढचं सगळं रद्दीतून वाचून. "वर्षभरात या घराच्या भिंती चिनी बोलतील," असं मी जाहीर केलं होतं. भिंतींनी शब्द पाळला. चिठ्ठ्या अर्थात मीच लिहायचे.

गृहपाठ असायचा रोज वीस अक्षरं, एकेक वीस वेळा, चौकटींच्या वहीत. पोरगी दमून यायची. म्हटलं, आजच्यापुरतं मी गिरवते. ते आजच्यापुरतं दीड वर्ष चाललं. खरं सांगू, मला गोडी लागली. त्या लिपीत चौकोनाची खालची रेघ शेवटी मारतात. आधी माणसं आत घ्यायची, मग दार लावायचं, असं समजावतात. इतकी समजूतदार लिपी मी पाहिली नव्हती.

मग तिच्या बाईंचा फोन आला. वही वर्गात पहिली आणि पेपरात शंभरपैकी अकरा, हे कसं? चीनमध्ये वर्षभर शिकायची शिष्यवृत्ती होती आणि सगळं बाईंच्या शिफारसपत्रावर अडलं होतं. शनिवारी चारला घरी येऊन मुलीशी बोलते, म्हणाल्या. मी तेव्हापासून एका जागी दोन मिनिटं बसले असेन तर शपथ.

त्यातच घरात रंगारी. त्यानं दोनशे चिठ्ठ्या सोलून बादलीत भरल्या आणि शनिवारी तीनला तो गेला. मी फरशी पुसायला घेतली आणि चिठ्ठ्या लावायचं काम लेकीला दिलं. विसाव्या मिनिटाला तिनं रिकामी बादली आणून ठेवली. माझा ऊर भरून आला.

चारला बेल वाजली आणि माझी नजर फ्रिजकडे गेली. फ्रिजवर 'जिना' होता. दिव्यावर 'चप्पल'. गॅसवर 'आंघोळ'. खुर्चीच्या पाठीवर 'मांजर', आणि तिला टेकून हे, सत्काराला बोलावल्यासारखे गंभीर.

बाई आत आल्या तेव्हा मी फ्रिजला पाठ लावून उभी होते. त्यांनी तीनदा बसायला सांगितलं. मी म्हटलं, मला सवय नाही बसायची. मागे हात घालून 'जिना' सोलला आणि पाणी आणायच्या निमित्तानं 'आंघोळ' बाथरूमच्या दारावर लावून आले. साखरेला गेले ती स्टुलावर चढून दिव्यावरची 'चप्पल' काढून चपलांपाशी ठेवून आले. चमच्यांसाठी गेले तेव्हा खिडकीवरची 'पेटी' आणि पेटीवरची 'खिडकी' यांची अदलाबदल केली. बाईंची मान माझ्यामागे टेनिसची मॅच बघावी तशी फिरत होती.

राहिलं मांजर. ते आमच्याकडे नाहीच, तेव्हा नुसतं नाहीसं करायचं होतं. मी यांना डोळ्यांनी खुणावलं. यांना वाटलं बिस्किटं आणा म्हणतेय. हे उठले, वळले आणि पाठीला चिकटलेलं 'मांजर' घेऊन स्वयंपाकघरात चालते झाले.

बाईंनी शांतपणे चहाचा घोट घेतला. "मांजर फार आज्ञाधारक आहे तुमचं."

मग पिशवीतून गृहपाठाची वही काढून त्यांनी टेबलावर ठेवली. शेजारीच पाण्याच्या जगवर 'पाणी' अशी चिठ्ठी होती. दोन्ही अक्षरं एकाच हातची, हे आंधळ्यालाही दिसावं. "अक्षर सुंदर आहे," बाई लेकीला म्हणाल्या, पण बघत होत्या माझ्या हातांकडे. दहाही बोटं डिंकानं माखली होती आणि मनगटावर 'जिना' लटकत होता.

यांनी छताकडे बघून रंग बरा बसल्याचं सांगितलं. मी आणखी चहा विचारला. बाई अर्धा म्हणाल्या. मी ओतला, तो पूर्ण झाला, बशीतही आला.

अर्धा तास नखं खात बसलेल्या लेकीनं हात पुढे केला आणि वही हळूच माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, वही आईची आहे," ती म्हणाली. "पेपर तेवढा माझा होता."