पारावरची विजेची गाडी

यंत्रानं गावाला समजून घ्यायचं असतं. गावावर यंत्र समजून घ्यायची सक्ती नसते. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीला हे तत्त्व ठाऊक नव्हतं. म्हणून २००५ साली ती विजेवर चालणारी मोटार बनवू लागली.

गाडीला आठ तास वीज लागे. आमच्या केदारखेड्याला ती सलग तीन तासही मिळत नसे. (खांब मात्र चोवीस तास उभे असत.) गाडीला आवाज नव्हता, त्यामुळे रस्त्यातून माणसं हटत नसत आणि म्हशी तर मुळीच नाही. कंपनीनं अभ्यास करून गाडीपुढे ओरडत चालणारा एक माणूस नेमला. (वेग त्यामुळे थोडा कमी झाला.)

तरीही एक गाडी चाचणीसाठी आमच्या गावात ठेवली. अट एकच: आजारी माणसाला जालन्याला न्यायचं. ड्रायव्हर गावातलाच कडूबा.

ही अट माझ्या बायकोला, द्वारकाबाईला, फार आवडली. तिला दमा होता. काळ्यापिवळ्या जीपच्या धुरानं ती दवाखान्यात पोचेपर्यंत दुप्पट आजारी होई.

"गाडी तुमच्यासारखीच हाय," ती म्हणायची. "आवाज न्हाई, अन् चढ आला की बसती."

गावाला मात्र गाडीचा वेगळाच गुण सापडला. लोडशेडिंगमध्ये ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही लावायची आमची जुनी रीत आहे. ती बॅटरी ऐन रंगात मान टाकते. या गाडीच्या पोटात तशा कितीतरी होत्या. लवकरच गाडी पारापाशी कायमची उभी राहिली आणि तिच्यातून टीव्हीला वायर गेली.

पाहणीला आलेल्या इंजिनिअरनं चार्जिंगचा खाली आलेला काटा पाहिला. "गाडी खूप फिरते वाटतं?"

"टेकायला टाइम न्हाई, साहेब," कडूबा म्हणाला.

ग्रामीण भागानं गाडी मनापासून स्वीकारली आहे, असं इंजिनिअरनं कंपनीला कळवलं. (यात खोटं काहीच नव्हतं.)

एका दुपारी द्वारकाबाईचा श्वास कोंडला. मी पाराकडे धावलो. क्रिकेटचा सामना चालू होता आणि सगळं गाव तिथं होतं.

"कडूबा, गाडी काढ. काकूला न्यायचंय."

"तात्या, काटा पार खाली गेलाय. राजूरलाबी पोचायची न्हाई." त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"मंग ती वायर तरी काढ."

"आता काढून चार्जिंग वाढणार हाय का, तात्या?" पुढच्या रांगेतला माझा शेजारी मच्छिंद्र मान न वळवता म्हणाला. "चारच ओव्हर राह्यल्या."

तर्क बिनचूक होता.

शेवटी जीप आणली. द्वारकाबाईनं नाकाला पदर लावला. "मॅच सोडून आला बिचारा," ती जीपवाल्याबद्दल म्हणाली. "त्याला चहापाणी द्या." राजूरच्या पुढे तिचं बोलणं थांबलं. जालना यायच्या आत श्वासही.

कंपनीच्या चौकशीत गाडीत कोणताही दोष आढळला नाही. गावातही आढळला नाही. तेराव्याला सगळे आले, मनापासून रडले. पुढे कंपनी बंद पडली. कारण दिलं, विजेचा तुटवडा.

ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली आहे. लोक हळहळतात, जरा वेळ जाऊ देतात, आणि मग हळूच विचारतात की मॅच कोण जिंकलं. तुम्ही सभ्य आहात, म्हणून विचारलं नाही इतकंच.

आपण जिंकलो. तीन गडी राखून.