दातार काका आणि काळोखातले ठिपके

दातार काका माणसांना अरे-तुरे करतात आणि यंत्रांना अहो-जाहो. तळमजल्यावरच्या निवृत्त ब्रिगेडियरसाहेबांना ते जिन्यातूनच विचारतात, "क्यों, तू आज घूमने नहीं गया?" घरातल्या वॉशिंग मशीनपुढे मात्र कमरेत वाकून म्हणतात, "आज आपण जरा हळू फिराल का?" एकदा मिक्सर चालेना म्हणून मी त्याला चापट मारली, तर काकांनी मला त्याची माफी मागायला लावली. मी मागितली. मिक्सर सुरू झाला. तेव्हापासून या बाबतीत मी वाद घालत नाही.

चंदीगडला बावीस सेक्टरमध्ये काकांच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहते आणि आयटी पार्कमध्ये नोकरी करते. काका मूळचे मिरजेचे. हवाई दलात रडार सांभाळण्यात उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर ते इथेच राहिले.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या आम्ही चौघांनी एक लघुपट करायचं ठरवलं आणि जुना डिजिटल सिनेमा कॅमेरा विकत घेतला. विकणारा जवळच्याच डेराबस्सी गावचा, लग्नांचं शूटिंग करणारा. आमचं शूटिंग रविवारी होतं. नटी पुण्याहून त्या एकाच दिवसासाठी येणार होती. शनिवारी सकाळी मी कॅमेरा तपासून पाहिला, तर चित्रातल्या काळ्या भागात लाल-निळे ठिपके चमकत होते. विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडमजी, परदे पे किसी को नहीं दिखेगा." आमची सगळी गोष्टच वीज गेलेल्या घरात घडत होती.

कॅमेरा उराशी धरून मी खाली काकांकडे गेले.

"साहेबांना काय होतंय?" काकांनी विचारलं.

"ठिपके दिसतात काका, सगळीकडे..."

"तू थांब. त्यांना सांगू दे."

मग त्यांनी कॅमेऱ्याची जी चौकशी केली, ती मी नुसती बघत राहिले. लेन्स बदलली. ठिपके होते तिथेच. कार्ड बदललं, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याऐवजी टीव्हीवर बघितलं, तरी तेच. शेवटी त्यांनी लेन्सला झाकण लावलं आणि निव्वळ काळोखाचं चित्रीकरण केलं. टीव्हीवर तेच ठिपके, त्याच जागी.

"म्हणजे दुखणं आतलं आहे," काका म्हणाले. "आत उजेड टिपणारा सेन्सर असतो, त्याच्यावरचे काही कण अंधारातसुद्धा उजेड दिसतोय म्हणतायत. कुठले कण असे खोटं बोलतात ते साहेबांना तपासणीत कळतं, मग ते त्यांना झाकून घेतात. पण ती तपासणी शेवटची झाली कधी?"

मी मेनू उघडून पाहिला. भर मे महिन्यात झाली होती.

"उन्हाळ्यात घेतलेलं माप थंडीत कसं बसेल? आता नव्यानं घेऊ. पण आधी त्यांना चालू ठेवून अंग गरम होऊ दे."

झाकण लावलेला कॅमेरा टेबलावर ठेवून आम्ही बसलो. बाहेर धुकं होतं. तेवढ्यात ब्रिगेडियरसाहेब वर्तमानपत्र मागायला आले. "धीरे बोल," काका कुजबुजले, "साहब आराम कर रहे हैं." ब्रिगेडियरसाहेबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मुकाट्यानं बूट काढले आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

तपासणी पूर्ण झाली. काकांनी पुन्हा काळोखाचं चित्रीकरण करून टीव्हीवर लावलं. एकही ठिपका नव्हता. इतका स्वच्छ काळा रंग मी कधी पाहिला नव्हता. आम्ही तिघं कितीतरी वेळ त्या रिकाम्या पडद्याकडे देवदर्शनाला आल्यासारखे बघत होतो. (रविवारचं शूटिंग नीट पार पडलं, हे इथेच सांगून टाकते.)

ब्रिगेडियरसाहेब वर्तमानपत्र घेऊन गेले आणि काकू भिंतीला हात लावत बाहेर आल्या.

"गेले का हो ठिपके?"

"गेले."

"मग आता माझाही काढा की," काकू हसून म्हणाल्या.

काका हसले नाहीत. मला हळूच म्हणाले, "हिच्या नजरेत डाग आलाय, अगदी मधोमध. जिथे बघेल तिथलंच दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. दिल्लीपर्यंत जाऊन आलो. ते काही मला जमलं नाही."

मग त्यांनी काकूंना खुर्चीत बसवलं आणि आपली खुर्ची उचलून त्यांच्या समोर नाही, थोडी बाजूला ठेवली. तिच्यात बसून विचारलं, "दाराकडे बघ. आता दिसतो का मी?"

काकू दाराकडे बघत राहिल्या.

"दिसता. स्वेटर उलटा घातलाय."

काकांनी मान खाली घालून पाहिलं. स्वेटरची शिवण खरंच बाहेर होती. सकाळपासून मी त्यांच्यासमोर बसले होते, ब्रिगेडियरसाहेबही बसून गेले होते. आमच्यापैकी कुणालाच ते दिसलं नव्हतं.